हॅलोबाईंचा डबा

हॅलोबाईंनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, आणि त्या एकतीस वर्षांत जे काही त्यांच्या कानावरून गेलं त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही. ही मी त्यांची स्तुती करत नाहीये. आम्हा शेजाऱ्यांचा त्यांच्यावरचा हा जुना राग आहे. कुणाचं ठरलेलं लग्न का मोडलं, कोणत्या भावानं कोणत्या भावाचा फोन नुसता वाजू दिला, सगळं बाईंना ठाऊक. पण समोर बसून तीन कप चहा प्यायलात तरी बाई म्हणणार, "आठवत नाही हो आता," आणि बिस्किटांचा डबा पुढे सरकवणार.

अशा बाईंच्या एका डब्यामुळे एका सरळ माणसाचं दुकान बसायची वेळ आली, आणि ते सगळं मी पाहिलं. थोडं केलंही. त्याकडे नंतर येतो.

निवृत्त झाल्यावर बाई आमच्या वाचनालयात आल्या. मी तिथला ग्रंथपाल. पुस्तकं देणं, परत घेणं, आणि "पंखा लावा की" म्हणणाऱ्यांना तो लावलेलाच आहे हे पटवणं, एवढं माझं काम.

"मुलांना लिहायला शिकवीन म्हणते," बाई म्हणाल्या.

"निबंध का?"

"निबंध शाळेत शिकवतात. मी थापा शिकवीन."

शनिवारी दुपारी तीन वाजता मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. एक लांब टेबल, दोन बाकं, एक डुगडुगती खुर्ची. पहिल्या दिवशी सहा मुलं आली. त्यांतली दोन आयांनी ढकलून पाठवलेली आणि एक चुकून आलेला. तो पुढे चार वर्षं चुकूनच येत राहिला.

बाईंचा पहिला धडा फोनचा. "घाबरलेलं माणूस फोनवर काय बोलतं? 'आमचे घर गावाच्या मध्यभागी असून घरात एकूण पाच माणसे आहेत,' असं सुरू करतं?"

मुलं खिदळली.

"मग काय म्हणतं?"

"लवकर ये, आजी पडली!"

"झालं. गोष्ट तिथनं सुरू करायची. घराचं वर्णन आजीला उचलून खाटेवर निजवल्यावर."

दुसरा धडा पायपुसण्याचा. 'सुंदर', 'रम्य', 'प्रेमळ' हे शब्द चपलांसारखे दाराबाहेर काढायचे आणि मगच आत यायचं. एका मुलीनं लिहिलं होतं, माझी आई प्रेमळ आहे. बाई म्हणाल्या, "कशावरून?" मुलगी गडबडली. "म्हणजे… ओरडते खूप. पण माझ्या दप्तराचा बंद तुटला की लगेच शिवते. दोरा दातानं तोडते."

"मग तो दोरा लिही. प्रेमळ आमचं आम्ही बघून घेऊ."

मी बाहेरच्या टेबलावर पुस्तकांना कव्हरं घालत हे ऐकायचो. चाळीस वर्षांपूर्वी मला कुणी असं सांगितलं असतं तर मी आज ग्रंथपाल नसतो, असं वाटायचं. काय असतो, हे मात्र सुचायचं नाही.

आणि तिसरा धडा डब्याचा. "गोष्ट म्हणजे सगळी थाप," बाई म्हणायच्या, "पण थाप टांगायला एक खिळा लागतो. तेवढी एकच गोष्ट खरी घालायची. आपल्या डोळ्यांनी बघितलेली. मग हत्ती उडवा, आजोबांना समुद्रात बुडवा, काय वाट्टेल ते करा." गोष्ट झाली की प्रत्येकानं आपलं खरं काय ते चिठ्ठीवर लिहायचं, घडी घालायची, नाव न घालता डब्याच्या फटीतून आत टाकायची. डबा बिस्किटांचाच, चौकोनी, पत्र्याचा. "ती कुणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही. शब्द दिला."

मुलं हुशार. "बाई, तुम्हाला मोह झाला तर?"

म्हणून बाई डबा घेऊन चावीवाल्याकडे गेल्या. वाचनालयाच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली त्याची लाकडी टपरी. आत एक चाव्या घासायचं मशीन, एक स्टूल आणि भिंतभर कोऱ्या चाव्या. बुटका, अबोल माणूस. त्याच्या बोलण्यापेक्षा मशीनचाच आवाज जास्त. त्यानं डब्याला कडी झाळून दिली, छोटं कुलूप बसवलं आणि दोन चाव्या पुढे केल्या. बाईंनी एक परत दिली, "ही वितळवून टाका." दुसरी घेऊन वर्गात आल्या आणि सगळ्यांच्या देखत ती फटीतून डब्यातच टाकली. ठण्ण! मुलांनी टाळ्या वाजवल्या. कुलपाची एकुलती चावी कुलूपबंद डब्याच्या आत, अशी तिजोरी मी तरी दुसरी बघितलेली नाही.

चावीवाल्याची मुलगी पुढे त्याच वर्गात आली. अकरा वर्षांची, काटकुळी, आणि बोलली की टोचायची. म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. तिला वडिलांसारखंच कमी बोलायची सवय, पण लिहायला बसली की पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत थांबायची नाही.

दर तीन महिन्यांनी बाई निवडक गोष्टी वाचनालयाच्या भिंतीवर लावत. खाली स्वतःच्या अक्षरात पाटी: 'यातल्या प्रत्येक गोष्टीत एक गोष्ट खरी आहे. कोणती, ते विचारू नये.' ही पाटी गावाच्या आवडीची. लोक पुस्तक बदलायच्या निमित्तानं यायचे, खरं-खोटं ओळखायच्या पैजा लावायचे आणि हसत घरी जायचे. चार वर्षं हे सुखानं चाललं.

मग टाचणीची गोष्ट लागली.

गोष्टीत एक चावीवाला होता. गावातल्या कुठल्याही घराची चावी केली की तो एक जास्तीची करून ठेवायचा आणि कपाटामागच्या खिळ्याला लावायचा. दुपारी दोन वाजता, लोक कामावर गेले की एखाद्या घरात शिरायचा. कुलपात चावी घालताना त्याच्या जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर यायचं, दूध पिऊन झालेल्या मांजरासारखं. आत जाऊन तो काही घ्यायचा नाही. खुर्चीवर बसायचा, त्या घराच्या घड्याळाची टिकटिक ऐकायचा, कुरकुरणाऱ्या दाराच्या बिजागरीत तेल सोडायचा आणि निघून जायचा. लोक संध्याकाळी यायचे आणि दार गप्प का झालं म्हणून चक्रावायचे. शेवटी एक दिवस तो स्वतःच्या घरी येतो, दार ढकलतो, आणि ते वाजत नाही.

मी ती दोनदा वाचली. अकरा वर्षांच्या पोरीनं हे कुठून आणलं? बाईंनी गोष्ट सगळ्यात वर लावली.

पहिले दोन दिवस लोकांनी वाहवा केली. तिसऱ्या दिवशी समोरच्या औषधांच्या दुकानाचे मालक भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले. खालची पाटी वाचली. पुन्हा गोष्ट वाचली. मग माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "आमच्या घराचं कुलूप त्यानंच केलंय. माझं मनगटी घड्याळ चार दिवस सापडत नाहीये."

"गोष्टीतला माणूस काही घेत नाही," मी म्हणालो.

"गोष्टीतला," ते म्हणाले.

बस्स, एवढंच. पण आमच्या गावात एवढं बोललं की पुरतं. कुणी भांडायला गेलं नाही, कुणी तक्रार केली नाही. तसं झालं असतं तर बरं, निदान उत्तर देता आलं असतं. लोक नुसते चावीवाल्याकडे जायचे थांबले. नवीन कुलपं बाजाराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन घेऊ लागले, आणि परतताना त्याची टपरी आली की पिशवी दुसऱ्या हातात धरू लागले. मशीनचा आवाज बंद झाला. रोज कानाशी किरकिर करणारा आवाज असा बंद झाला की माणूस दचकून वर बघतो.

आठव्या दिवशी चावीवाला वाचनालयात आला. बाई मागच्या खोलीत मुलांच्या वह्या बघत होत्या. मी दारात उभा राहिलो. कव्हरं घालतोय असं दाखवत.

"बाई, डबा उघडायचाय."

"बसा आधी, दादा."

"आठ दिवस बसूनच आहे."

बाईंनी चष्मा काढला. "टाचणी काय म्हणते?"

"चाव्यांचं खोटं आहे म्हणते. पण माझी पोरगी माझ्याच बाजूनं बोलणार, असंच म्हणतील ना लोक? चिठ्ठी तिनं आधी लिहिलीय. तेव्हा हा बोभाटा नव्हता. चिठ्ठीवर विश्वास ठेवतील."

"चिठ्ठ्यांवर नावं नाहीत. तिची शोधायची तर सगळ्या वाचाव्या लागतील. चार वर्षांच्या."

"मग वाचा. तुम्ही एकट्या वाचा."

"मी त्यांना सांगितलंय, मीसुद्धा नाही."

"पोरं विसरतात, बाई."

"नाही विसरत हो."

चावीवाला डब्याकडे बघत राहिला. "हे कुलूप मी डोळे मिटून उघडीन. दहा मोजायच्या आत. पण तुम्ही 'उघडा' म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही मी. आमच्या धंद्यात मालक समोर लागतो." दाराशी जाऊन तो वळला. "माझं घर त्या मशीनवर चालतं, बाई. एवढंच सांगायला आलो होतो."

तो गेल्यावर बाई बोलल्या. माझ्याशी की डब्याशी, कळलं नाही. "एक्स्चेंजमध्ये एकदा मी बोलायला हवं होतं. बोलले नाही. नियम म्हणून. त्याचं वाईट झालं." त्यांनी वही मिटली. "तेव्हापासून एक शंका आहे मला. मी गप्प बसते ते चांगुलपणानं की नुसत्या सवयीनं?"

काय झालं होतं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बिस्किटं पुढे केली असती, आणि डब्याला तर कुलूप होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी तीनलाच समितीची बैठक बोलावली गेली. वर्गाला सुट्टी. अध्यक्ष म्हणजे आमचे ठरावकाका. ते घरी चहात साखर कमी पडली तरी ठराव मांडतात, अशी त्यांच्याच बायकोची तक्रार आहे. टेबलाच्या एका बाजूला ते आणि औषधवाले, दुसऱ्या बाजूला बाई, टोकाला नोंदवही घेऊन मी. चावीवाला भिंतीशी उभा, शेजारी टाचणी. तिनं वडिलांच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं. अकरा वर्षांच्या मुली तसं करत नाहीत. तिला कळलंही नसावं. मध्ये डबा.

"विषय एक," ठरावकाका म्हणाले, "सदर गोष्ट, सदर पाटी आणि सदर डबा. पाटी म्हणते एक गोष्ट खरी. कोणती, ते आज कळलं पाहिजे. नाही कळलं, तर वर्ग आजपासून बंद आणि भिंत रिकामी."

"आणि यांच्या दुकानाचं काय?" बाईंनी विचारलं.

"ते वाचनालयाच्या अखत्यारीत येत नाही."

"काका, अहो वाचनालयाच्या भिंतीवरूनच आलंय ते."

औषधवाले घसा साफ करत म्हणाले, "बाई, आम्ही कुणाला चोर म्हटलेलं नाही."

"म्हटलं असतंत तर भांडता आलं असतं," चावीवाला भिंतीशीच पुटपुटला.

टाचणी एकदम म्हणाली, "चाव्यांचं खोटंय! मी सांगते ना खरं काय ते, मी लिहिलंय—"

"तू बोलू नकोस, बाळ," ठरावकाका म्हणाले. तसे ते वाईट नाहीत. "तू मुलगी आहेस त्यांची. पुरावा कागदावर लागतो."

टाचणीनं ओठ घट्ट मिटले. मी बाईंकडे बघितलं. एकतीस वर्षं ज्यांनी एक अक्षर बाहेर पडू दिलं नाही, त्यांचे दोन्ही हात डब्यावर होते.

मग त्यांनी डबा पुढे सरकवला.

"उघडा, दादा," बाई म्हणाल्या. "पोरांना मी तोंड देईन."

माझी लेखणी थांबली. चावीवाला पुढे आला. खिशातून कापडाची सुरळी काढली, त्यातून एक वाकडी तार. गुडघ्यावर बसून त्यानं कुलपाशी डोळा नेला, तार आत घातली. जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. कुलपात काहीतरी बारीक सरकलं.

तेवढ्यात त्याची नजर वर गेली. टेबलापलीकडे खिडकी होती, आणि वर्गाला सुट्टी देऊनही वर्ग आला होता. काचेला नाकं लावून दहा-बारा चेहरे. कुणी हसत नव्हतं. तो चुकून येणारा मुलगा काचेपासून मागे सरकला होता आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. त्यानं काय लिहून टाकलं होतं त्या डब्यात, देव जाणे.

चावीवाल्यानं तार बाहेर काढली. पुसली. कापडात परत गुंडाळली.

"झालं उघडून?" औषधवाल्यांनी विचारलं.

"नाही. नाही उघडायचं."

"अहो, पण बाई हो म्हणाल्यात!"

"डबा बाईंचा आहे. आतलं त्यांचं नाही." त्यानं हनुवटीनं खिडकी दाखवली. "मालक बाहेर उभे आहेत. त्यांच्या तोंडाकडे बघा आणि मग मला उघड म्हणा."

बाईंनी खाली बघितलं. टाचणीनं शर्टाचं टोक सोडलं आणि वडिलांचा हात धरला.

"मग माझा नाइलाज आहे," ठरावकाका म्हणाले. खरंच वाईट वाटत होतं त्यांना. "ग्रंथपाल, लिहून घ्या. खरं काय ते सिद्ध न झाल्यामुळे—" पुरावा म्हणून भिंतीवरून काढून आणलेला कागद त्यांनी डोळ्यांसमोर धरला, ठरावात शब्द नेमके यावेत म्हणून. आणि थांबले. चष्मा वर केला, चावीवाल्याकडे बघितलं. चष्मा खाली केला, कागदाकडे बघितलं.

"एक मिनिट," ते म्हणाले. "चावीवाले, जरा परत वाका."

"काय?"

"वाका हो. कुलपाशी. उघडू नका, नुसतं उघडतोय असं करा."

चावीवाला गोंधळला, पण बसला. तार घातली. डोळा बारीक केला. एक, दोन, तीन मोजेपर्यंत जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं.

ठरावकाकांनी कागदावर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "'दूध पिऊन झालेल्या मांजरासारखं.'"

खिडकीबाहेर हशा फुटला. बंद काचेतूनही तो आत आला. चावीवाल्यानं दचकून जीभ आत घेतली, आणि तेव्हा तर ठरावकाका स्वतःच टेबलावर हात आपटत हसायला लागले. टाचणीचा चेहरा लालबुंद. "बाबा, मी सांगणार नव्हते," ती म्हणाली, "बाईंनी सांगितलंय सांगायचं नाही."

"अगं, मी करतो असं?" चावीवाल्यानं विचारलं.

"रोज!"

फक्त औषधवाले हसत नव्हते. "पण हेच ते खरं, कशावरून? दुसरंही खरं असू शकतं."

बाई उठल्या. "एकच असतं. नियम आहे तसा. आणि हेच की दुसरं, ते मी कधीच सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." कमरेची किल्ली त्यांनी सोडवली, स्वतःच्या घराची, आणि चावीवाल्यासमोर ठेवली. "दादा, हिची एक जास्तीची करून द्या. दाराला लावायची तेवढी मला द्या, जास्तीची तुमच्याकडेच राहू द्या. कधी मी आत पडले तर दार फोडायला नको. आणि दारही फार कुरकुरतं."

नोंदवहीत मी काय लिहिलं ते आजही वाचता येतं: 'वर्ग चालू ठेवावा. पाटी काढावी.' पाटी निघाली. डबा राहिला, चावी आत, कुलूप बाहेर.

सगळं लगेच सरळ झालं असं नाही. मशीनचा आवाज हळूहळू परत आला. आधी दिवसातून एकदा, मग दोनदा. दहा-बारा दिवसांनी औषधवाले टपरीसमोर दिसले. कपाटाची चावी करायला आले होते म्हणे. मनगटावर घड्याळ होतं. इस्त्रीवाल्याला कोटाच्या खिशात सापडलं, असं इस्त्रीवाल्यानं मला सांगितलं. औषधवाल्यांनी कुणालाच सांगितलं नाही. चावीवाल्यानंही घड्याळाकडे बघितलं नाही. बघितलं असेल तर दाखवलं नाही.

आता माझं. त्या आठ दिवसांत मीही बाजाराच्या पलीकडच्या टोकाला जाऊन एक नवीन कुलूप आणलं होतं. घरी फक्त पुस्तकं आणि एक जुना रेडिओ, तरी आणलं. महिनाभर लाज वाटली, मग एक दिवस त्याचीच चावी घेऊन टपरीवर गेलो. चावीवाल्यानं ती उलटसुलट करून बघितली. हे कुलूप कधीचं आणि कुठलं, ते त्याला लगेच कळलं असणार. "दोन करू की एक?" एवढंच विचारलं.

तो कामाला बसला, ओठ घट्ट मिटून. त्या बैठकीपासून तो असाच काम करतो. टाचणी त्यावरून चिडलेली आहे. आपण लिहिलेलं एकमेव खरंही बाबांनी खोटं पाडलं, असं तिचं म्हणणं. मशीन फिरत होतं. मी स्टुलाशी उभा. चावीचा दुसरा दात आला, तिसरा आला, चौथा जरा अवघड होता. चावीवाला पुढे वाकला, मला विसरला, आणि डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक हळूच बाहेर आलं.

मी घाईघाईनं रस्त्याकडे बघायला लागलो.